अबर्डीन बाजारातला लॉज

आपल्या हिंगोलीकडे 'हॉटेल' म्हणजे चहा, भजी आणि पुरीभाजी मिळण्याची जागा. मुक्कामाच्या जागेला लॉज म्हणतात, आणि तो शब्द घरातल्या बायकांसमोर जरा दबक्या आवाजातच उच्चारला जातो. माल आणायला गेलेला व्यापारी, कोर्टाच्या तारखेला आलेला माणूस, औषध कंपनीचा एजंट यांनी लॉजवर उतरावे. बायका-मुलांनी उतरायचे ते नातेवाइकांकडे. जिथे नातेवाईक नाहीत त्या गावी आपण जातच नाही. लग्न, मय्यत, उरूस, आजारपण आणि नशिबात असेल तर हज-उमरा. आपल्याकडच्या बहुतेक घरांतल्या स्त्रियांचा प्रवास एवढ्या कारणांत संपतो. निव्वळ जग पाहायला म्हणून कोणी बाहेर पडत नाही. पैसा हे त्याचे एक कारण, पण रात्री उतरायचे कुठे हे दुसरे आणि आमच्या मते मोठे कारण.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचे, पोर्ट ब्लेअरला सहा दिवस राहायचे असे आम्ही घरात बोललो तेव्हा अम्मींनी तिकिटाचे विचारले नाही, समुद्राचे विचारले नाही. "उधर अपना कौन है?" एवढेच विचारले. कोणीच नाही म्हटल्यावर त्या गप्प झाल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "लॉज में रहेंगे? बच्चियों को लेके?" (सप्टेंबर २०२४ मध्ये या शहराचे नाव श्रीविजयपुरम झाले आहे. बोलण्यात अजून पोर्ट ब्लेअरच ऐकू येते, म्हणून इथेही तेच ठेवतो.)

आम्ही दोघे, अम्मी आणि दोन मुली अशी पाच माणसे. रिसॉर्टचे भाडे आमच्या पगारात बसणारे नव्हते. हवे होते ते इतकेच: बाजारात असलेली साधी स्वच्छ जागा, आतून नीट लागणारी कडी, मशीद चालत जाण्याइतकी जवळ आणि अम्मींच्या गुडघ्यांना झेपेल असा जिना. फोन सुरू केले. एका ठिकाणी दोन खोल्या आहेत म्हणून सांगितले, भाडे ठरले, आधार कार्डांचे फोटो पाठवा म्हणाले. फोटो पाठवले आणि दहा मिनिटांत खोल्या भरल्या असे कळले. दुसऱ्या ठिकाणी नावे ऐकून 'विचारून सांगतो' म्हणाले, ते अजून विचारतच आहेत. हे नावामुळेच झाले असे आम्ही ठामपणे म्हणणार नाही. सुट्टीची गर्दी खरी होती. पण वाचकांपैकी ज्यांनी परगावी खोली शोधली आहे त्यांना फोनवरची ती मधली शांतता ओळखीची असेल. तिसरी जागा अबर्डीन बाजारातली मिळाली. फोन एका वयस्कर बाईंनी घेतला. नावे त्यांनी वहीत उतरवून घेतली आणि विचारले ते असे: "अम्माजी सीढ़ी चढ़ पाएंगी? नहीं तो नीचे का कमरा रख दूं."

हिंगोलीहून नांदेड, निजामाबादमार्गे काचीगुड्याला रेल्वेने आणि पुढे हैदराबादहून विमानाने गेलो. प्रवासाचे जास्त सांगण्यासारखे नाही.

लॉज दुमजली होता. खालच्या बाजूला दुकाने, बाजूच्या बोळातून आत जायचे. आम्हाला तळमजल्यावर तीन खाटांची एक खोली आणि लगतची दोन खाटांची दुसरी मिळाली, दोन्ही मिळून दिवसाला अडीच हजार. भिंतींना खालून ओल आली होती, चुना पोपडे धरत होता. तिथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवा सदा दमट असते; ओल नसलेली भिंत त्या गावात कोणाची असेल असे वाटत नाही. पण चादरी धुतलेल्या होत्या, उशांना तेलाचा वास नव्हता, खिडकीला जाळी होती. कपाटाच्या दारावर आतून खडूने एक बाण काढलेला होता. मुलींनी मोबाइल लावून पाहिला, तो किबल्याचाच होता. कोणा आधीच्या मुसाफिराने काढला आणि झाडलोट करणाऱ्यांनी पुसला नाही.

पाण्याचे मात्र पहिल्याच सकाळी सांगण्यात आले. बादल्या, टीप, तांब्या, जे असेल ते भरून ठेवा, नळ तासभरच येईल. एवढा पाऊस आणि पाणी तासभर? आम्ही मराठवाड्याची माणसे, आम्हाला हसू आले. पण कारण साधे आहे. बेट लहान, डोंगर उतरते; पडलेले पाणी थांबत नाही, सरळ समुद्राला जाऊन खारे होते. शहराला गोडे पाणी मुख्यतः धनीखारीच्या धरणातून मिळते आणि पावसाळा सरला की नळ दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येतो. अम्मींना या एका गोष्टीने त्या गावाबद्दल आपलेपणा वाटू लागला असे आमचे मत आहे. दुसऱ्या दिवसापासून नळाचा आवाज आला की त्या सर्वांच्या आधी उठून बादली लावत, शेजारच्या खोलीतल्या बंगाली कुटुंबालाही हाक मारत. त्या दोघींचे बोलणे कोणत्या भाषेत चाले ते देव जाणे, पण चाले.

उठायला वेळही तशीच होती. अंदमान आपल्या पूर्वेला इतके दूर आहे की घड्याळ आपलेच असले तरी सूर्य आपला नाही. नोव्हेंबरात तिथे सव्वापाचला उजाडते आणि संध्याकाळी पाचच्या आत सूर्य बुडतो. हिंगोलीत त्या दिवसांत मगरिब पावणेसहाच्या पुढेमागे असते. पहिल्या दिवशी मुली दुपारी जरा पडल्या आणि उठून पाहतात तर बाहेर काळोख, बाजारात दिवे लागलेले. जाणाऱ्यांनी आपल्या गावचे वेळापत्रक सोबत नेऊ नये; अबर्डीन बाजाराजवळच्या जामा मशिदीत वेळा विचारून घ्याव्यात. आमचा मुक्काम पंधरा दिवसांच्या आतला, म्हणून कसर नमाज होती. अम्मींना आयुष्यात इतके दिवस सलग मुसाफिर राहण्याची वेळ प्रथमच आली होती आणि चारऐवजी दोन रकाती पढताना त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखे वाटायचे.

खाणे सोपे होते. बाजारात भात, मासळी, पराठे सर्व मिळते. सुरमईला तिथेही सुरमईच म्हणतात. ज्वारीची भाकरी कुठे दिसली नाही. आम्ही घरून नेलेले शेंगदाण्याचे तिखट तिसऱ्या दिवशी संपले.

सेल्युलर जेल तिथून चालत जाण्यासारखे आहे. १८९६ मध्ये बांधायला घेतले, १९०६ मध्ये पुरे झाले. सात लांब इमारती, ६९८ कोठड्या, आज त्यांतल्या तीन इमारती उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ येते, म्हणजे कैद्याला कैद्याचा चेहरा दिसू नये. कोठडी साडेचार मीटर लांब आणि २.७ मीटर रुंद. धाकटीने पावलांनी मोजले आणि म्हणाली, आपली लहान खोली एवढीच आहे. थोरली दाराची कडी पाहत होती. ती बाहेरच्या बाजूने भिंतीत दूरवर खोबणीत बसवलेली आहे, आतून कितीही हात लांबवला तरी पोचत नाही.

पण काळे पाणी जेलच्या आधीचे आहे. १० मार्च १८५८ रोजी पहिले दोनशे कैदी तिथे उतरवले गेले, सत्तावनच्या उठावानंतरचे. तेव्हा ना जेल होते ना घरे. जंगल तोडायचे आणि त्याच लाकडाच्या झोपडीत राहायचे. ज्यांचे ते जंगल होते त्या अंदमानी लोकांनी मे १८५९ मध्ये या अबर्डीनवरच हल्ला केला आणि त्यांना बंदुकांनी परतवले गेले. त्यांच्यातले आज मोजके लोक उरले आहेत. स्वातंत्र्याच्या गोष्टीत हे पान बहुधा गाळले जाते.

त्या कैद्यांत मौलाना फज्ले-हक खैराबादी होते, तर्कशास्त्राचे मोठे विद्वान, मिर्झा गालिबांचे स्नेही. १८५९ मध्ये त्यांना जन्मठेप होऊन इथे आणले, १८६१ मध्ये त्यांचे इथेच निधन झाले. साउथ पॉइंटला त्यांची कबर आहे. आम्ही रिक्षाने गेलो, फातिहा पढलो. पर्यटकांच्या गाड्या जेलजवळ रांगेने उभ्या असतात, इथे आमच्याशिवाय कोणी नव्हते.

आणि आपल्या मुलखाचा माणूसही इथे होता. १७ जुलै १८५७ रोजी हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर रोहिल्यांना घेऊन चालून गेलेल्या दोघांपैकी तुर्रेबाज खान मारले गेले आणि मौलवी सय्यद अलाउद्दीन यांना अंदमानला पाठवण्यात आले. ते परत आले नाहीत. हिंगोली तेव्हा निजामाच्याच राज्यात होती, पण दुसऱ्या बाजूची. हैदराबाद कंटिंजंट ही इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, तिची एक छावणी आपल्याकडे होती, आणि ही फौज १८५८ मध्ये मध्य हिंदुस्थानात बंडवाल्यांविरुद्ध लढली. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही आपल्या मोहल्ल्यांची नावे त्या छावणीचीच. आपण ती रोज घेतो, मुलांना कधी सांगत नाही. पोर्ट ब्लेअरमध्ये अबर्डीन, हॅडो, डिलानिपूर अशी नावे वाचून मुलींनी ती कोणाची म्हणून विचारले तेव्हा आम्हाला पेन्शनपुऱ्यापासून सुरुवात करावी लागली.

हे सर्व पुस्तकात मिळाले असते. लॉजवर जे मिळाले ते मालकीणबाईंकडून. त्यांचे आजोबा मलबारचे माप्पिला, १९२१ च्या उठावानंतर शिक्षा होऊन आलेले. नंतर सरकारने अशा कैद्यांना कुटुंब आणून वस्ती करू दिली. त्यांनी गावांना नावे दिली ती मागे राहिलेल्या गावांची: मंजेरी, वंडूर, तिरूर, कालिकत, मन्नारघाट. दक्षिण अंदमानच्या नकाशावर ती आजही आहेत. बाईंची आई त्याहून जुन्या घराण्यातली, ज्यांना तिथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. चांगल्या वर्तनाच्या कैद्यांना स्त्री-कैद्यांशी लग्न करून जमीन कसायला मिळे. पंजाबचा नवरा, बंगालची बायको, शेजारी बिहारचा, पलीकडे मद्रासचा, अशी ती वस्ती; जातीचे गणित बोटीवरच मोडलेले आणि सर्वांची मिळून एक हिंदुस्थानी बोली. "हमारे यहां कोई पूछता नहीं कि तुम किसके हो," बाई म्हणाल्या, "सब के सब तो सज़ा वाले थे." आता मुख्य भूमीवरून माणसे येतात आणि विचारू लागली आहेत, असेही त्यांनी सांगितले.

अम्मींना या बाईंकडे बसायची सवयच लागली. सकाळी आम्ही फिरायला निघालो की त्या रॉस बेटावर किंवा समुद्रावर एकदोनदाच आल्या; बाकी वेळ बाईंच्या काउंटरमागे खुर्ची टाकून बसल्या, लसूण सोलून दिला, येणारे-जाणारे पाहिले. पासष्ट वर्षांत त्यांनी अनोळखी माणसाच्या छपराखाली पहिल्यांदाच रात्र काढली होती. मुलींनी तक्रार केली की दादी समुद्र पाहायला इतक्या लांब आली आणि लॉज पाहून परत चालली. आम्हाला तसे वाटले नाही.

ज्या कुटुंबांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. फोटो पाहून खोली घेऊ नका, फोनवर बोला. मजला कोणता, खिडकी कुठे उघडते, पाणी किती वाजता, न्हाणीघर आत की बाहेर, रात्री दार कोण बंद करते हे विचारा. विचारल्यावर चिडणारा माणूस कुटुंबासाठी उपयोगाचा नाही. आणि सर्वांची नावे आधीच कळवा. नकार यायचाच असेल तर तो हिंगोलीत घरी बसलेले असताना यावा, परक्या गावी रात्री नऊला, पोरी आणि बॅगा सोबत असताना येऊ नये. पैसे पूर्ण आगाऊ देऊ नका; एका रात्रीचे पुरे. विमान परवडत नसेल तर चेन्नई, विशाखापट्टणम आणि कोलकात्याहून जहाजे आहेत, पण समुद्रावर दोन-तीन दिवस जातात आणि तारखा बदलतात, तेव्हा सुट्टी मोजकी असणाऱ्यांनी तो बेत करू नये.

परत आल्यावर गल्लीतल्या दोन घरांनी अम्मींकडून त्या लॉजचा नंबर नेला. त्यांतले एक घर मे महिन्यात निघायचे म्हणते आहे. मे मध्ये तिथे पाण्याची ओढ सर्वांत जास्त असते, हे अम्मींनी त्यांना दोनदा बजावले आहे आणि दोन रिकाम्या कॅन सोबत न्यायला सांगितल्या आहेत.