कोंबड्याला दोष देण्यापूर्वीं

खुडूक कोंबडीखालीं ठेवलेल्या १२ अंड्यांतून ४ च पिलें निघालीं, कीं सारा दोष कोंबड्याच्या माथीं येतो आणि बिचारा सुरीखालीं जातो. हा न्याय घाईचा होय. सातव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत अंडें विजेरीच्या उजेडासमोर धरून पाहावें. तांबड्या शिरांचें जाळें दिसल्यास गर्भ जिवंत. रक्ताचें नुसतें कडें दिसल्यास अंडें फलित होतें, पण गर्भ मेला. तेथें कोंबडा निर्दोष. उन्हाळ्यांत आठवड्याहून अधिक दिवस साठविलेल्या अंड्यांचा असा घात पुष्कळदां होतो. अंडें आरपार स्वच्छ दिसलें तरच संशय नरावर घ्यावा आणि त्याचें वय, पायांचें दुखणें, माद्यांची संख्या पाहावी. एका नरामागें ८-१० पुरेत. नर बदलल्यावरही जुन्याचें बीज मादीच्या शरीरांत सुमारें २ आठवडे टिकतें. तोंवर नव्याची परीक्षा होऊं शकत नाहीं.