सातने भागताना सापडणारी संख्या: १४२८५७

एकाला सातने भागत गेले की दशांश चिन्हापुढे १४२८५७ हे सहा अंक येतात आणि पुन्हा पुन्हा तेच येत राहतात. आवर्ती दशांशातले हे सहा अंक सलग वाचले की एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न ही संख्या मिळते. तिची दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१, चौपट ५७१४२८, पाचपट ७१४२८५ आणि सहापट ८५७१४२. अंक तेच, क्रमही तोच. फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून होते. म्हणून तिला चक्रीय संख्या म्हणतात.

याचे कारण भागाकाराच्या बाक्यांत आहे. दहाला सातने भागले की भाग १, बाकी ३. तीसला भाग ४, बाकी २. वीसला भाग २, बाकी ६. साठला ८ आणि बाकी ४, चाळीसला ५ आणि बाकी ५, पन्नासला ७ आणि बाकी पुन्हा १. सातने भागताना १ ते ६ याच बाक्या उरू शकतात आणि इथे त्या सहाही एकेकदा येऊन जातात. दोन सप्तमांशाचा भागाकार म्हणजे याच फेरीत २ या बाकीपासून शिरणे, दुसरे काही नाही. सातपट केली की मात्र फेरी मोडते आणि ९९९९९९ येतात. संख्येचे मधोमध दोन तुकडे केले तरी १४२ आणि ८५७ यांची बेरीज ९९९ भरते.

ही विषम संख्या आहे, मूळ संख्या नाही. ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७ हे तिचे मूळ अवयव. तिच्या अंकांची बेरीज २७, आणि २७ ने तिला नि:शेष भाग जातो, भागाकार ५२९१. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, हे सुरेख नाव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दिले. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्यांतही १४२८५७ बसते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. उजवीकडचे सहा अंक वेगळे काढून २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज करावी, १४२८५७ परत मिळते.

या गुणधर्मामागेही सातच आहे. १४२८५७ मधून एक वजा केला तर उरणाऱ्या १४२८५६ ला सातने भाग जातो आणि भागाकार येतो नेमका २०४०८.

१७ नेही अशीच चक्रीय संख्या मिळते, सोळा अंकांची: ०५८८२३५२९४११७६४७. फक्त तिच्यात आरंभीचे शून्य धरावे लागते. १९, २३ आणि २९ यांचेही तसेच. १३ चे मात्र जमत नाही. तिथे बारा बाक्या सहा-सहाच्या दोन फेऱ्यांत वाटल्या जातात. पूर्ण फेरी देणाऱ्या मूळ संख्या अनंत असाव्यात, असे एमिल आर्टिन यांच्या १९२७ मधील अनुमानावरून निघते. त्याची निर्विवाद सिद्धता अजून मिळालेली नाही.