गासडीतली ठिणगी

पैनगंगेच्या अल्याड-पल्याड कापूस पिकतो आणि दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या बाजारात त्याची आवक सुरू होते. आपल्या सभासदांपैकी अनेकांचा या ना त्या नात्याने जिनिंगशी संबंध येतोच. म्हणून कारखानदारीतील एका विचारपद्धतीची ओळख आम्ही जिनिंगच्याच उदाहरणाने करून देत आहोत.

अमेरिकन लष्कराने १९४९ साली ही पद्धत लेखी नियमांत बांधली. पुढे मोटारींच्या कारखान्यांनी ती उचलली. काम सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक पायरीपाशी थांबून विचारावयाचे : येथे काय बिघडू शकेल? बिघडल्यास परिणाम किती भयंकर, तसे किती वेळा घडेल, आणि माल पुढे जाण्याआधी ते आपल्या नजरेस येईल काय? तिन्हींस १ ते १० गुण देऊन गुणाकार करावयाचा. मेख तिसऱ्या प्रश्नात आहे. बिघाड जितका लपणारा, तितके गुण अधिक.

कापसात सुतळी आली, तर परिणाम ५, वारंवारता ८. पण निवडणाऱ्या बायांना ती चटकन दिसते म्हणून २. गुणाकार ८०. आता ठिणगी घ्या. कापसातला खिळा वा खडा यंत्रावर आपटतो, किंवा सुरीचा दाब वाढून रूळ तापतो. धुमसता पुंजका रुईबरोबर प्रेसमध्ये जातो आणि १७० किलोंच्या गासडीत दाबला जातो. बाहेरून काहीच दिसत नाही. आत तो कधी कधी कित्येक दिवस धुमसतो आणि गोदामात पेट घेतो. परिणाम ९, वारंवारता २, लपणे ९, गुणाकार १६२. (हे गुण आमच्या अंदाजाचे; ज्याने त्याने आपले ठरवावेत.) सुतळीवरून रोज ओरड होते, ठिणगीचे मात्र कोणी नाव काढत नाही!

तथापि गुणाकारावर सर्वस्वी विसंबू नये. जेथे जिवाचा प्रश्न, तेथे आकडा लहान आला तरी उपाय आधी. मोटार-उद्योगानेही २०१९ साली नुसता गुणाकार सोडून परिणामाला अग्रक्रम देणारे कोष्टक स्वीकारले.

उपाय साधे आहेत. कापूस यंत्रात जाण्याआधी वाटेत लोहचुंबक बसवावे, सुरी व रूळ रोज तपासावेत. आग लागून विझली, तर त्या वेळी बांधलेल्या गासड्या काही दिवस गोदामाबाहेर वेगळ्या ठेवाव्यात. यास खर्च जवळजवळ नाही, जागा तेवढी अडते.

हे कोष्टक भरताना मालकाने एकट्याने बसू नये. फिटर, हमाल आणि कापूस निवडणारी बाई यांनाही बोलवावे. रूळ तापल्याचा वास प्रथम त्यांनाच येतो.