एसयूव्ही घेताय? आधी गाडीची लांबी, पांदण आणि घरचा मीटर पाहा

नागपूर : संत्र्याचा आंबिया बहार विकला, कापसाचे पैसे हाती आले की गावोगावी चारचाकीची चौकशी सुरू होते. उंच गाडी पाहिजे म्हणून सगळे एसयूव्हीच मागतात. पण शोरूममध्ये एसयूव्ही म्हणून उभ्या असलेल्या बहुतेक गाड्या क्रॉसओव्हर असतात. म्हणजे सांगाडा कारचाच, फक्त उंची वाढवलेली. हा फरक न समजता घेतली तर हप्ते पाच-सात वर्षं भरायचे आणि पावसाळ्यात गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून घरी पायी यायचं, अशी गत होते.

किंमत कशानं ठरते?
22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरच्या आतल्या गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे. अट एवढीच, की पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या किंवा डिझेल इंजिन 1500 सीसीच्या वर नको. यातली एक अट मोडली की 40 टक्के. करापूर्वी 8 लाखांची गाडी धरली तर पहिल्या प्रकारात कर 1 लाख 44 हजार, दुसऱ्यात 3 लाख 20 हजार. म्हणूनच टाटा नेक्सॉनची लांबी 3,995 मिलिमीटर आहे. ह्युंदाई क्रेटाचं इंजिन 1500 सीसीच्या आतलं, पण लांबी 4,330 मिलिमीटर, म्हणून कर 40 टक्के.

काळ्या मातीत काय?
क्रॉसओव्हरमध्ये जोर बहुधा पुढच्या चाकांना असतो. पांदण रस्त्यावर काळी माती टायरला लिंपली की गाडीची उंची कामी येत नाही, ट्रॅक्टर लावूनच काढावी लागते. महिंद्रा बोलेरोही 4 मीटरच्या आतच आहे, पण ती वेगळ्या चॅसीवर बसवलेली आणि मागच्या चाकांवर चालणारी. ओझं आणि खड्डे ती जास्त सोसते. खरा चिखल रोजचाच असेल तर मात्र फोर बाय फोर लागते आणि ती महाग पडते.

डिझेल की पेट्रोल?
बीएस-6 डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग, वेगात चालावी लागते. घर ते शेत दोन-तीन किलोमीटरच चालवली तर फिल्टर चोंदतो. रनिंग कमी असेल तर पेट्रोल बरं.

इलेक्ट्रिकचं गणित
इलेक्ट्रिकवर जीएसटी 5 टक्केच, पण बॅटरीमुळे मूळ किंमत जास्त. नेक्सॉन ईव्हीची लहान बॅटरी 30 युनिटची. युनिटमागे 6 किलोमीटर धरले तर 180 किलोमीटर होतात. काटोल-नागपूर जाऊन-येऊन साधारण 120, म्हणजे एका चार्जमध्ये फेरी होते. मे महिन्यात एसी चालू ठेवला की हे अंतर घटते. घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात. अर्थिंग पक्की हवी, व्होल्टेज टिकायला हवं. शेतीपंपाची जोडणी यासाठी वापरायची नाही, ती फक्त शेतीसाठी. 2017 मध्ये नागपुरात इलेक्ट्रिक टॅक्सी सुरू झाल्या, तेव्हा चालकांची मोठी तक्रार चार्जिंगसाठी थांबावं लागण्याचीच होती. त्यामुळे घरी सोय नसेल तर घाई नको.

बुकिंगच्या आधी महिन्याचं रनिंग वहीत लिहून काढावं. टेस्ट ड्राइव्हला गाडी हायवेवर नाही, तर आपल्या गावच्या रस्त्यावर घेऊन यायला सांगावं.