जनकपूरला गेलेली बेलापूरची गाडी

सीबीडी बेलापूर स्टेशनातून कोकण रेल्वेची एकही गाडी जात नाही. तिथे थांबतात त्या विजेवरच्या लोकल. पण जवळच्याच बेलापूर भवनात कोकण रेल्वे महामंडळाचे मुख्यालय आहे, आणि त्याची रोहा ते ठोकूर ही सुमारे ७४० किलोमीटरची वाट पाव शतकभर डिझेलच्या जिवावर चालली.

महामंडळ १९९० सालचे, ई. श्रीधरन पहिले अध्यक्ष. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. चढ १५० ला १ पेक्षा कडक होऊ द्यायचा नाही, हे आखणीतच ठरले होते. बोरघाटासारखे मागून बँकर, म्हणजे ढकलणारे जादा इंजिन, लावणे इथे नको होते. त्याची किंमत डोंगरांनी मोजली. नव्वदहून अधिक बोगदे खोदावे लागले, त्यांतला करबुडे साडेसहा किलोमीटरचा. एवढ्या लांब बोगद्यात डिझेलचा धूर कोंडतो, म्हणून मोठे पंखे बसवावे लागले. कोकणच्या गाडीला बोगद्यात येणारा तो काळसर वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

डिझेल इंजिन चाके थेट फिरवत नाही. ते अल्टरनेटर फिरवते आणि त्यातून निघालेली वीज चाकांच्या मोटारींना मिळते. म्हणजे गाडी आपले वीजघर सोबत घेऊनच निघते. डेमूत, म्हणजे डिझेलवर चालणाऱ्या जोडगाडीत, हे वीजघर वेगळ्या इंजिनात नसते, डब्यातच असते. शिवाय दोन्ही टोकांना चालकाची केबिन. शेवटच्या स्टेशनात इंजिन सोडा, पलीकडे नेऊन जोडा, हा खटाटोप वाचतो. आखूड अंतर, भरपूर थांबे आणि वर तार नाही, अशा मार्गाला ही गाडी फार सोयीची. मडगाव-कारवार पट्ट्यातल्या लोकांना ती ओळखीची आहे.

बेलापूरच्या या महामंडळाने अशाच दोन गाड्या नेपाळला दिल्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. २०१९ मध्ये करार झाला. चेन्नईच्या कोच कारखान्यात गाड्या बांधल्या: प्रत्येकी पाच डबे, १६०० अश्वशक्ती, एक डबा वातानुकूलित. सप्टेंबर २०२० मध्ये त्या पोचल्या. बिहारमधल्या जयनगरहून नेपाळातल्या जनकपूरला जाणारी जुनी छोटी गाडी २०१४ साली बंद पडली होती. लोक वाटच पाहत होते. तरी नव्या गाड्या दीड वर्षाहून अधिक काळ उभ्याच. त्या चालवायला प्रशिक्षित माणसे नव्हती, रेल्वेचा कायदाही तयार नव्हता. अखेर २ एप्रिल २०२२ रोजी जयनगर ते कुर्था हा सुमारे ३५ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, तोही कोकण रेल्वेच्या माणसांना हाताशी धरून. माझ्या मते या कहाणीतली खरी शिकवण इंजिनाची नाही, कर्मचाऱ्यांची आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये कोकण रेल्वेचे संपूर्ण विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण झाले. डिझेलचा खर्च वाचला, धूर गेला. हळहळण्यासारखे त्यात काही नाही. पण गाडीची ती दोन तोंडांची, आखूड, झटपट परतणारी घडण विजेवरच्या मेमूतही आहेच. गणपतीत चिपळूणपर्यंत मेमूच्या विशेष फेऱ्या होतात, आणि उभे राहायला जागा मिळत नाही इतकी त्यांना गर्दी असते. शेजाऱ्याला जी सोय आपण करून दिली, ती खेड, चिपळूणच्या माणसाला सणापुरतीच का? बेलापूर भवनातल्या मंडळींनी ती बारमाही करावी.