मोडीला न गेलेले अलंकार

सोन्याचा दागिना ही मनुष्याच्या हातून निर्माण झालेल्या कलाकृतींपैकी बहुधा सर्वांत अल्पायुषी वस्तू होय. कारण त्यातील द्रव्याला बाजारात कायमचे मोल असते आणि घडणावळीला ते कधीच नसते. सराफाच्या पेढीवर नवा घाट आला, घरात लग्न निघाले किंवा दुखणे उपटले, की आजेसासूबाईंच्या पाटल्या मोडीला जातात, आणि ज्या कारागिराने त्यांच्यावर डोळे शिणवले त्याचे नावनिशाण मुशीत नाहीसे होते. ही रीत केवळ आपल्याकडची आहे असेही नाही. फ्रान्सच्या प्रजासत्ताक सरकारने 1887 साली राजघराण्याचे जडजवाहीर जाहीर लिलावात काढले, तेव्हा त्यातला बराचसा माल जवाहिऱ्यांनी खरेदी केला आणि पुष्कळसे हिरे उचकटून नव्या कोंदणांत बसवले.

त्याच पॅरिस शहरात, त्याच सुमारास, रने लालिक नावाचा सत्तावीस वर्षांचा कारागीर स्वतःचे कारखानदारीचे बस्तान बसवीत होता. त्याच्या हातून पुढे जे अलंकार निर्माण झाले, त्यांना मोडीची किंमत जवळजवळ नव्हती, आणि माझ्या मते त्यांच्या दीर्घायुष्याचे निम्मे रहस्य तेवढ्यातच आहे. उरलेले निम्मे रहस्य लिस्बनमधल्या गुल्बेंकियन संग्रहालयाच्या एका दालनात पाहावयास मिळते.

लालिकचा जन्म 1860 साली शॅम्पेन प्रांतातील आय या गावी झाला. कुटुंब लवकरच पॅरिसकडे आले, तरी आजोळच्या शेतामळ्यांतली पाने, फुले आणि किडेमुंग्या त्याच्या डोळ्यांतून कधी गेल्या नाहीत. वडील वारले तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. लुई ओकॉक या नामांकित जवाहिऱ्याकडे त्याने उमेदवारी पत्करली, नंतर दोन वर्षे इंग्लंडात सिडनहॅम येथे चित्रकलेचे शिक्षण घेतले, आणि परत आल्यावर कार्तिये, बुशराँ यांसारख्या पेढ्यांसाठी नक्षा काढून देण्याचे काम केले. दुसऱ्याच्या शिक्क्याखाली माल विकला जावा आणि नक्षा काढणाऱ्याचे नाव कोठेही नोंदले जाऊ नये, हा त्या धंद्याचा रिवाजच होता. 1885 च्या सुमारास एका निवृत्त होणाऱ्या जवाहिऱ्याचा चालता कारखाना त्याने घेतला, तेव्हा कोठे तो स्वतःचा धनी झाला.

तो काळ हिऱ्यांचा होता. दक्षिण आफ्रिकेतील खाणींनी बाजारात हिऱ्यांचा असा पूर आणला होता की, दागिन्याची प्रतिष्ठा खड्यांच्या संख्येवर आणि वजनावर मोजली जाऊ लागली होती. लालिकने हे मापच बाजूला सारले. जनावराचे शिंग, हस्तिदंत, काच, मीना, चंद्रकांत, ओपल असल्या, सावकार ज्यांच्यावर दमडीही देणार नाही अशा पदार्थांना त्याने सोन्याच्या पंक्तीस बसवले, आणि हिरा घेतलाच तर तो पानावरच्या दहिवरापुरता. नाणी व पदके पाडणारे लोक मोठा नमुना यंत्राने लहान करून घेण्याची जी चरकी वापरतात, तीही त्याने दागिन्यांच्या कामी आणली. त्यामुळे मोठ्या आकारात निश्चिंतपणे कोरलेली रेषा अंगठ्याएवढ्या पदकातही तिच्या साऱ्या वळणांसह उतरू लागली. शुद्ध हस्तकौशल्याचे अभिमानी याला नाक मुरडतील. पण ज्याचा मूळ नमुनाच दुबळा, त्याला यंत्र काय वाचवणार?

लिस्बनच्या दालनातील त्याची सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणजे 1897-98 च्या सुमाराची चतुर-स्त्री. वक्षस्थळी मिरवण्याचा हा अलंकार सुमारे साडेसव्वीस सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे पसरलेल्या वितीपेक्षाही मोठा. सोन्याच्या लांबसडक चतुर किड्याने एका स्त्रीला कमरेपर्यंत गिळले आहे, की त्याच्या जबड्यातून ती जन्म घेते आहे, याचा निर्णय पाहणाराने आपल्यापुरता करावा. तिचा देह फिकट हिरव्या क्रिसोप्रेझ दगडात कोरलेला, दंडांच्या जागी पंख फुटलेले, आणि खाली हिंस्र श्वापदाचे सोनेरी पंजे. पंख सांध्यांवर हलणारे आहेत. त्यांतील मीना आपल्या परिचयाच्या जयपुरी मीन्यासारखा धातूच्या पाठीवर बसवलेला नाही. सोन्याच्या बारीक तारांची जाळी करून तिच्या घरांत काचेची पूड भरावयाची, पाठीशी तात्पुरता अभ्रकाचा किंवा तांब्याचा पत्रा द्यावयाचा, भट्टीत ती पूड वितळवावयाची आणि मग तो पत्रा सोलून किंवा तेजाबात विरघळवून काढून टाकावयाचा, अशी ही क्रिया. पाठ गेली की उजेड आरपार येतो आणि पंख खऱ्या चतुराच्या पंखासारखा दिसू लागतो. भट्टीची आच किंचित जास्त झाली तर घरातली काच गळून पडते, आणि मग जाळी पुन्हा भरण्याखेरीज गत्यंतर नसते.

ही वस्तू अंगावर घालून जेवणाच्या मेजाशी बसणारी बाई माझ्या कल्पनेत येत नाही. सौंदर्याबरोबर थोडी भीतीही निर्माण करणारा हा दागिना, स्पष्टच सांगावयाचे तर, दागिना राहिलेलाच नाही. 1900 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लालिकच्या मांडणीपुढे लोकांची रीघ लागली. परंतु गर्दी करणे निराळे आणि विकत घेणे निराळे. तेथे ग्राहक पुरेसा नव्हता, संग्राहकच हवा होता.

तो कालुस्त गुल्बेंकियनच्या रूपाने भेटला. इस्तंबूलजवळ उस्कुदार येथे 1869 साली जन्मलेला हा आर्मेनियन गृहस्थ लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिकला, आणि इराकच्या तेलाच्या करारांतून स्वतःचा पाच टक्के हिस्सा त्याने अशा चिकाटीने राखला की, जग त्याला त्या टक्क्यांच्याच नावाने ओळखू लागले. त्याला संग्रहाचा छंद मात्र तेलाच्या पैशाआधी जडला होता; शाळकरी वयात हाती आलेले पैसे त्याने बाजारातील जुन्या नाण्यांवर खर्च केले, असे सांगतात. पुढे त्याचा ग्रीक नाण्यांचा संग्रह नावाजला गेला. तळहातात मावणाऱ्या धातूवरचा उठाव वाचण्याची जी सवय नाण्यांनी लावली, तीच लालिकच्या पदकांपुढे त्याला उभे करती झाली असावी, असा माझा तर्क आहे.

1899 पासून 1927 पर्यंत त्याने या एका कलावंताच्या शंभराहून अधिक कृती मिळवल्या, त्याही बहुतेक थेट त्याच्याकडूनच. सोव्हिएत सरकारने हर्मिटाजमधील चित्रे विकावयास काढली तेव्हा रेम्ब्राँ आणि रुबेन्स पदरात पाडून घेताना त्याने महिनोन्‌महिने घासाघीस केली. येथे मात्र व्यवहार स्नेह्याशी होता. मोराची छातीवरची पट्टी आधी, चतुर-स्त्री 1903 साली, नऊ सर्पांचा गुंता 1908 साली, अशी ही खरेदी रमतगमत चालली. एकदम सारा माल उचलणाऱ्या धनिकाला जो आनंद कधीच मिळत नाही, तो यात आहे: एका माणसाचा हात वर्षानुवर्षे कसा वळत गेला ते जवळून पाहण्याचा, आणि पुढची वस्तू येईपर्यंत वाट पाहण्याचा.

लालिक पुढे काचेकडे वळला. कोती या अत्तरवाल्याच्या कुप्यांपासून प्रारंभ होऊन अल्सास प्रांतात व्हिंजेन येथे मोठा कारखाना निघाला, आणि दागिने मागे पडले. तो 1945 साली वारला. गुल्बेंकियन युद्धकाळात लिस्बनला आला तो 1955 मध्ये मरेपर्यंत तेथेच एका हॉटेलात राहिला. त्याच्या मिळकतीतून उभ्या राहिलेल्या निधीने 1969 साली संग्रहालय उघडले.

लालिकचे दालन तेथील मूळ मांडणीत अगदी शेवटी आहे. मिसर, इराण, रेम्ब्राँ असे सगळे पाहून पाय थकलेले असताना प्रवासी तेथे पोचतो आणि पाच मिनिटांत बाहेर पडतो. कधी तिकडे जाण्याचा योग आलाच, तर वाचकांनी निम्मा वेळ या दालनासाठी राखून ठेवावा, आणि आधीची एखादी चित्रशाळा खुशाल वगळावी.