लस आणि लोकांचा विश्वास

प्लेगची लस टोंचून घेण्यास लोक कां कचरले, याचें उत्तर पुष्कळ लेखक ‘अज्ञान’ या एका शब्दांत देऊन मोकळे होतात. आम्हांस तें पटत नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनीं जंतु रश्शांत वाढवून व उष्णतेनें मारून लस केली आणि १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. लशीनें एकदोन दिवस ताप भरे, दंड दुखे. ऐन हंगामांत एवढे दिवस अंथरूण धरणें शेतकऱ्यास किती जड जातें, हें वाचक जाणतातच. त्याच वर्षीं पुण्यांत गोरे सोजीर घरोघर शिरून रोगी हुडकीत होते. सुई आणि सोजीर दोन्ही सरकारचींच. लोकांनीं त्यांत भेद केला नाहीं, यांत नवल कसलें?

पुढें ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांस लस टोंचली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस मिळालेले १९ जण धनुर्वातानें दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. वास्तविक त्या बाटलीचें बूच काढतांना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो विस्तवावर न धरतां नुसता औषधी पाण्यांत बुडवून वापरला होता. शेणामातींत धनुर्वाताचे जंतु असतात, हें गुरें पाळणारास ठाऊक असतें; ही हकीकत लागलीच गांवोगांव सांगितली असती, तर ती त्यास सहज उमगती. हाफकिन दोषमुक्त झाले १९०७ सालीं. त्या एका वर्षांत हिंदुस्थानांत प्लेगनें दहा लाखांवर माणसें मेलीं.